नत्राच्या गाठी

कुणाच्या घरी गेलो की पाण्याचा पेला हातात यायच्या आधी माझा हात दारातल्या कुंडीकडे जातो. झाडाचं खोड दोन बोटांत धरायचं आणि हलकेच हलवायचं. झाड मातीत घट्ट बसलेलं असेल तर मी आत जातो, चहा घेतो, चार माणसांसारखा बोलतो. खोड सैल लागलं तर त्या घरात माझं मन लागत नाही. लोकांना वाटतं, सत्तावीस वर्षं नर्सरीत काढलेला माणूस, झाडांवर माया असणारच. माया आहे. पण हात मायेने जात नाही, भीतीने जातो.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला झाडांच्या धंद्यातल्या गमती लिहायला सांगितल्या होत्या. गमती आहेत. अलिबागकडे बंगला बांधणाऱ्या एका बाईंना पानं न गळणारं झाड हवं होतं. मी म्हणालो, मॅडम, मग प्लास्टिकचं बघा. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "ते किती वर्षांनी मोठं होतं?" मुंबईचे एक आर्किटेक्ट टेप घेऊन यायचे आणि तीस झाडांतली दोन इंचांनी वाढलेली चार बाजूला काढायचे. मी ती चार झाडं पिशवी बदलून जरा खोल बसवायचो आणि पुढच्या आठवड्यात त्यांनाच द्यायचो. असं तीन पानं लिहिलं. मग लक्षात आलं की मी एका गोष्टीला वळसा घालून चाललोय. पानं फाडली. आता ती गोष्टच लिहितो.

आमची नर्सरी पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. शोभेची झाडं, म्हणजे फायकस, अनंत, बहावा, पाम. सोसायट्या, बंगले, कंपन्यांची गेटं ही आमची गिऱ्हाइकं. पेण म्हटलं की माणसाला गणपती आठवतो, म्हणून त्याच्यातलंच सांगतो. मूर्तीची पाठ मखरात जाते, कुणाला दिसत नाही. तरी चांगला कारागीर पाठसुद्धा पॉलिशपेपरने घासतो. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक पान बघतं, फांदी बघतं, उंची बघतं. मूळ कुणी बघत नाही. ती आमची पाठ.

रोप मोठं करायचं ते काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. लाल माती, शेणखत, थोडं भाताचं तूस. पिशवी नुसती जमिनीवर ठेवली तर वर्षभरात मूळ तळ फोडून खाली शिरतं आणि खालच्या जमिनीत जे काही असेल ते झाडाला भेटतं. म्हणून खाली जाड प्लास्टिक अंथरायचं आणि दर तीन-चार महिन्यांनी पिशव्या जागच्या हलवायच्या. यात न समजण्यासारखं काही नाही. मी सुपरवायझर होतो, हे मीच नव्या माणसांना शिकवायचो.

त्या वर्षी मागचा एक तुकडा आम्ही नव्याने घेतला. तिथे आधी कुणीतरी वांगी-टोमॅटो करायचं. दोनेकशे फायकस तिथे ठेवायचे होते, प्लास्टिक संपलेलं होतं. मी म्हणालो, "ठेवा तशाच, पुढच्या महिन्यात बघू." पुढचा महिना चौदा महिन्यांनी आला.

तोही मी आणला नाही, हिराबाईने आणला. हिराबाई आमच्याकडे पिशव्या भरायची आणि पाण्याचं बघायची. धरमतरच्या खाडीकडची. तिचं सगळं लहानपण मिठागरावर गेलेलं. एका दुपारी तिने मला मागे बोलावलं.

"वसंतभाऊ, या झाडांचा काय ता बघा. सकाळी पाणी दिला. आता बघा, मान टाकून उभी. सांजच्याला परत ताठ होतान. नाटकं करतान माझ्याशी."

"युरिया टाक थोडा."

"दोनदा टाकलाय. खाऊन खाऊन पिवळी पडली."

तिने एक पिशवी आडवी केली, तळाशी जमिनीत गेलेलं मूळ खुरप्याने तोडलं, पिशवी फाडली आणि मुळांचा गड्डा माझ्यासमोर धरला. मुळं सरळ नव्हती. जागोजागी फुगलेली. कुठे मण्यांसारखी, कुठे दोन-चार मणी एकात एक जाऊन आल्याच्या कुडीसारखी.

"ह्या कसल्या गाठी?" तिने विचारलं.

मी वालाच्या शेतातला. आमच्याकडे भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरतात. लहानपणी वडील वालाचं रोप उपटून मुळावरच्या बारीक गाठी दाखवायचे आणि म्हणायचे, हे बघ, हे जमिनीचं जेवण, या गाठीत हवेतलं नत्र साठतं. आमच्या भागातल्या कुठल्याही पोराला मुळाची गाठ दाखवा, तो हेच सांगेल. मीही सांगितलं.

"अगो हिराबाई, ह्या नत्राच्या गाठी. चांगल्या असतात. वालाला नसतात का?"

"आमच्याकडं कुठला वाल? आमच्याकडं मीठ पिकतं. मिठाला गाठी आल्या का मुकादम आय-बाप काढायचा."

दोघंही हसलो. त्या दुपारी मी खोटं बोलत नव्हतो. एवढी एकच दुपार मला माझ्या बाजूने मांडता येते.

कारण दोनच दिवसांत मला ते खटकायला लागलं. नत्राची गाठ येते ती वाल, चवळी, मूग, शेंगवाल्या पिकांना. फायकसला कशी येईल? मी गावी गेलो तेव्हा शेतातून वालाचं एक रोप उपटलं आणि गाठीवर अंगठा फिरवला. गाठ टपकन सुटून तळहातावर पडली. नखाने फोडली तर आत गुलाबी. नर्सरीत येऊन फायकसच्या मुळावर अंगठा फिरवला. जोरात फिरवला. गाठ सुटेना. ती मुळावर आलेली नव्हतीच, मूळच सुजलं होतं.

एक तुकडा ओल्या कागदात गुंडाळून मी कृषी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांकडे गेलो. त्यांनी गाठ पात्याने चिरली आणि मला भिंगाखाली बघायला लावलं. आत एक पांढरा, चकचकीत, मोत्यासारखा ठिपका.

"ही मादी," सर म्हणाले. "सूत्रकृमी. पिल्लू असतं तेव्हा धाग्याहून बारीक, मातीतल्या ओलीत पोहतं. मुळात शिरतं, एका जागी बसतं, फुगतं, आणि मरेपर्यंत तिथेच बसून झाडाचं पाणी पितं. म्हणून झाड दुपारी मान टाकतं. एकेक मादी शेकड्याने अंडी घालते. किती झाडं आहेत?"

"सहज आणलंय सर. एका गिऱ्हाइकाचं आहे."

तो माझा पहिला खोटा शब्द. तोंडातून असा गेला की मलाच नवल वाटलं.

"मग त्या गिऱ्हाइकाला सांगा, झाडं मुळासकट जाळा. ती माती जागची हलवू नका. फावडं, टोपली, पाय, सगळं धुवा. वांगी, टोमॅटो, भेंडी, कशालाही लागतं हे. एकदा जमिनीत गेलं की पुरतं निघत नाही." मग ते जरा हसून म्हणाले, "एक बरं आहे. हे उडत नाहीत. स्वतःहून वर्षाला हातभर सरकले तर सरकले. यांना लांब न्यायला माणूस लागतो."

परतीच्या एसटीत मी माझ्या चपलेकडे बघत बसलो. टाचेला लाल माती चिकटलेली होती. शेजारी एक बाई मांडीवर मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती. मी पाय सीटखाली ओढून घेतले आणि पेण येईपर्यंत ते हलवले नाहीत.

नर्सरीचे मालक, आमचे शेठ, रविवारी येणार होते, एका मोठ्या गिऱ्हाइकाला घेऊन. शेठ वाईट माणूस नव्हते. सांगितलं असतं तर ओरडले असते, झाडं जाळायला लावली असती, आणि बहुतेक मला ठेवलंही असतं. हे मला आता सुचतंय असं नाही. तेव्हाही कळत होतं. पण शेठ प्रत्येक गिऱ्हाइकासमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "आमच्या वसंतचं झाड मरत नाही." तो हात खांद्यावरून निघेल, याची मला भीती वाटली. नोकरीपेक्षा त्या हाताची. आज लिहिताना किती हलकं वाटतं हे कारण. पण दुसरं कारण नव्हतं.

आता माझ्या बहिणीबद्दल सांगायला हवं. सुमनताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचं सासर रोह्याच्या अलीकडे. भावोजी धाटावला कंपनीत शिफ्टला जायचे आणि उरलेल्या वेळात दोघं शेती करायची. या गोष्टीच्या दोन वर्षं आधी भावोजी गेले. ताईची जमीन दोन पायऱ्यांची. वर वरकस तुकडा, म्हणजे जिथे पाणी साचत नाही अशी उंचावरची जमीन, एका कडेला विहीर. तिथे ती वांगी आणि भेंडी करायची. रोह्याच्या बाजारात बायका "सुमनवहिनीची वांगी आली का" म्हणून विचारायच्या. खाली भाताचं खाचर, त्यात भातानंतर वाल. आणि खाचराच्या पलीकडे, बांधाला बांध लावून, शेजाऱ्यांची शेतं.

शुक्रवारी मी टेम्पो भरला. दोनशे फायकसची खालची मुळं हिराबाईकडून छाटून घेतली, नव्या पिशव्यांत भरली आणि ताईकडे गेलो.

"वांगी काढून तुझी शोभेची झाडं लावू?" ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "शोभा काय शिजवून खायची?"

"एक वर्ष गो ताई. नर्सरीत जागा नाही. जमिनीत लावली की पटापट वाढतील, मग मी काढून नेतो. तुलाही एकटीला भाजीची धावपळ नको."

हे शेवटचं वाक्य मी वाटेत जुळवलं होतं. माझं काम करून घेताना मी तिच्यावर उपकार करत होतो.

लावताना तिने पहिलीच पिशवी फाडली. छाटूनसुद्धा आतल्या मुळांवर गाठी होत्याच. तिने एका गाठीवरची माती अंगठ्याने पुसली, पुन्हा पुसली.

"ही मुळं अशी का रे वसंता?"

"नत्राच्या गाठी ताई. जमीन सुधारेल तुझी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू म्हणतोस तर व्हय."

दोन दिवसांत दोनशे झाडं लागली. रविवारी शेठ आले, मागचा तुकडा मोकळा आणि स्वच्छ. मी म्हणालो, फायकस बहिणीच्या शेतात वाढायला ठेवलेत. शेठनी गिऱ्हाइकासमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला.

नर्सरीत फाडलेल्या पिशव्यांची माती ढिगाने पडली होती. हिराबाई दोन घमेली भरून घरी घेऊन निघाली. मी विचारलं, कशाला?

"तुळशीला. नत्राची माती हाय ना, फुकट कशाला घालवू?"

मी तोंड उघडलं. उघडलं तसंच मिटलं. ती डोक्यावर घमेली घेऊन फाटकाबाहेर गेली, तेव्हा मला सरांचं बोलणं आठवलं, यांना लांब न्यायला माणूस लागतो.

पुढच्या दिवाळीत तुळशीच्या लग्नाच्या आधी ती मला म्हणाली, "वसंतभाऊ, दारात तुळस लागत नाय. तीनदा लावली, तीनदा गेली. सासू बोलते, घरात कायतरी खोट हाय. माझ्याकडं बघून बोलते." ती हसण्यावारी नेत होती, पण डोळे हसत नव्हते. मी तिला नवी कुंडी दिली, डोंगरची कोरी माती दिली, आणि म्हणालो, जुनी सगळी माती खाडीत टाक.

"खाडीत? नत्राची माती?"

"टाक म्हणतो ना!"

इतक्या वर्षांत मी तिच्यावर पहिल्यांदा ओरडलो. तिने पदर सावरला आणि टाकते म्हणाली. तुळस लागली. तिने मला कधी काही विचारलं नाही. न विचारणाऱ्या माणसाची भीती जास्त वाटते, हे मी तेव्हा शिकलो.

ताईकडची झाडं वर्षाने काढली. वरून छान दिसत होती, मी खत-पाणी कमी पडू दिलं नव्हतं. त्यातली चाळीस धाटावच्या एका कंपनीच्या गेटला गेली. वरचे कुणी साहेब भेटीला येणार होते आणि त्यांना दुतर्फा झाडं दिसायला हवी होती. आमच्या धंद्यात अशी ऑर्डर नेहमीची. झाड सोमवारी जन्मतं, बुधवारी साहेब येतात, पुढे झाडाचं नशीब. सहा-सात महिन्यांत त्यातली निम्मी वाळली. मी बघायला गेलो. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर शिफ्ट सुटलेले कामगार उभे होते.

"बघताय काय भाऊ? धूर खाऊन मेली ती."

"झाडं मेली, आपण उभे हाव. आपली कातडी जाड."

"आपल्याला पगार हाय. झाडाला पगार नाय, म्हणून मेला."

सगळे हसले. मीही हसलो. आतून कंपनीचा अधिकारी बाहेर आला, त्यालाही तेच वाटत होतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "गाजावाजा न करता बदलून द्या हो, पेपरात यायला नको." मी मान डोलावली. त्या धुराने बाकी काय केलं असेल ते असो, ही झाडं त्याने मारली नव्हती. एका निर्जीव धुरावर मी माझा गुन्हा लादला, आणि तो अधिकारी उलट माझेच आभार मानून आत गेला.

उरलेली झाडं कुठे कुठे गेली, सांगता येत नाही. सोसायट्या, फार्महाऊस, एक शाळा. म्हणून स्पष्ट लिहितो. दहा-अकरा वर्षांमागे पेण-रोहा रस्त्यावरच्या नर्सरीतून फायकस घेतला असेल, आणि आजूबाजूची वांगी, मिरची, तुळस दुपारी मान टाकत असेल, तर एक रोप उपटा. मुळावर अंगठा फिरवा. गाठ नसेल तर काळजी नाही. गाठ असेल तर ती माती दुसरीकडे नेऊ नका.

ताईने झाडं गेल्यावर पुन्हा वांगी लावली. मी भर दुपारी गेलो होतो. बांधावरून बघितलं. सबंध तुकडा मान टाकून उभा होता, हिराबाईच्या झाडांसारखाच.

"ऊन फार आहे," मी म्हणालो.

"व्हय, ऊन हाय," ताई म्हणाली.

त्या वर्षी बाजारात सुमनवहिनीची वांगी आली नाहीत. पुढच्या वर्षी तिने तिथे झेंडू लावला. गणपती, दसरा, दिवाळी, झेंडूला मागणी असते. मला बरं वाटलं, की तिने आपणहून दुसरं पीक शोधलं. वरच्या बांधावर तिने एक बादली आणि तांब्या ठेवला. वर काम करून खाली उतरताना ती पाय धुवायची, फावडं धुवायची, येणाऱ्या-जाणाऱ्यालाही धुवायला लावायची. मला वाटलं, वय झालं की माणूस सोवळं पाळायला लागतो.

माझी भीती मात्र पाण्याबरोबर खाली उतरत होती. पावसात वरकसाचं पाणी खाचरात येतं आणि तिथून शेजाऱ्यांकडे जातं. भाताचं पाणी साचलं की हे किडे गुदमरतात, असं मी पुढे वाचलं. पण सगळे नाहीत. म्हणून दर वर्षी वाल वितभर झाला की मी काहीतरी निमित्त काढून ताईकडे जायचो, ती चहाला आत गेली की खाचरात उतरायचो आणि एक रोप उपटायचो. अंगठा फिरवायचो. गाठ सुटून हातात पडेपर्यंत फिरवत राहायचो. मग रोप पिशवीत लपवायचो. मी तुम्हाला सांगतो, देवळात कधी मी इतक्या मनापासून हात जोडले नाहीत.

एकदा तिने मला पकडलं.

"काय रे, वाल का उपटतोस? भाजी करायचीय?"

"गाठी बघत होतो गो, सहज."

ती चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाली, "चांगल्या हायत. खालच्या चांगल्याच हायत."

'खालच्या' या शब्दावर मी थांबायला हवं होतं. मी चहा प्यालो.

अशी अकरा वर्षं. शेठ वारले, त्यांच्या मुलांनी जागा विकली, नर्सरी गेली, मी मोकळा झालो. पण हात कुंड्यांकडे जायचा थांबला नाही. मग संपादकांचा फोन आला. ताई हा अंक दर दिवाळीला वाचते, चष्मा लावून, पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. मी गमती लिहिल्या असत्या तर तिने हसून वाचल्या असत्या, आणि खरं लिहिलं तर तिला ते छापलेल्या अक्षरांत कळलं असतं. म्हणून आधी तिच्याकडे गेलो. गणपती होऊन गेले होते, दसरा यायचा होता. पेणला सकाळची गाडी पकडली. रोहा येईपर्यंत मी चार वेळा वाक्य बदललं.

ताई झेंडू तोडत होती. वरचा सबंध तुकडा केशरी. मी बांधावरच उभा राहिलो आणि सांगितलं. फायकसच्या गाठी नत्राच्या नव्हत्या. रोग होता. तुझी वांगी त्याने गेली. रोग मी आणला. आणि हे सगळं मी दिवाळी अंकात लिहिणार आहे.

तिने मान वर केली नाही. फुलं तोडत राहिली, एक, दोन, तीन, टोपलीत. मग म्हणाली, "माहित हाय."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"त्याच दिवशी मनात आला. अंगठा फिरवला, गाठ सुटली नाय. चाळीस वर्षं वाल उपटते मी, मला नत्राची गाठ कळत नाय होय?"

"मग लावलीस का?"

"तू सांगितलंस ना. म्हटलं, वसंता एवढा झाडांत वावरलेला, कायतरी नवीन असेल. वांगी गेली तेव्हा रोप पिशवीत घालून कृषी खात्याच्या बाईंकडं नेलं. त्यांनीच झेंडू सांगितला, त्याच्या मुळांनी हे किडे कमी होतात म्हणून. पाय धुवायचं पण त्यांनीच सांगितलं. शेजाऱ्यांकडं जायला नको म्हणून." तिने बादलीकडे बोट केलं. "ती बादली कशाला वाटली तुला?"

मी विचारलं, "मला का नाही बोललीस?"

"तुला काय बोलायचं?" आता ती उभी राहिली, एक हात कमरेवर. "तुला कळलं असता तर जन्मभर खात बसला असतास स्वतःला. म्हटलं, चुकून झाला त्याच्याकडनं. विधवा बहिणीचं भलं करायला आला नि चुकून झाला. कशाला दाखवायचा? अकरा वर्षं जपलं मी, तुला कळू नये म्हणून. तू खाली वाल उपटायला जायचास तेव्हा मुद्दाम आत जाऊन चहाला वेळ लावायची. वाटायचं, याला संशय आलाय, बघू दे, चांगल्या गाठी बघून निवांत होऊ दे."

वाऱ्यावर झेंडू हलत होते. मी गप्प राहिलो असतो तर ते तिथेच संपलं असतं. तिने मला माफ करून टाकलं होतं, अकरा वर्षांपूर्वीच. मला फक्त रडायचं होतं आणि टोपली उचलायची होती. पण ती माझ्याकडे नीट बघायला लागली होती.

"वसंता," ती हळू म्हणाली, "तुला कधी कळलं?"

"ताई..."

"झाडं लावल्यावर का आधी?"

"आधी," मी म्हणालो. "टेम्पो भरायच्या आधी."

मी तिचा चेहरा बघू शकलो नाही, तिचे पाय बघत राहिलो. मातीने भरलेले, अनवाणी. मग ते पाय वळले. ती टोपली कमरेला लावून बांधाकडे चालायला लागली. मी मागोमाग. बांधावर तिने टोपली खाली ठेवली, आधी स्वतःचे पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवून. मग तांब्या माझ्याकडे सरकवला. एरवी तिच्या माहेरचा म्हणून मी गेलो की दारात माझ्या पायावर पाणी घालायला तीच पुढे व्हायची. त्या दिवशी तिने तांब्या नुसता सरकवला.

"चपला काढ. टाचा पण धू."

मी टाचा धुतल्या. माती निघाली तरी धूत राहिलो.

"भाऊबीजेला येऊ का?" मी खाली बघूनच विचारलं.

त्याला तिने उत्तर दिलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा भाऊबीज दोन दिवसांवर असेल, आणि मला अजून ठाऊक नाही. ती टोपली घेऊन खाली उतरायला लागली. चार पावलं जाऊन थांबली.

"लिहिणार हायस म्हणालास ना?"

"हो."

"लिही. शेजारचे पण वाचतील, त्यांना कळायला हवं." मग टोपली दुसऱ्या कमरेला घेऊन, मागे न बघता ती म्हणाली, "फक्त 'चुकून' लिहू नको."